दीर्घ रहस्यमालिका आणि निर्वहणाचा प्रश्न

२३ मे २०१० रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर 'लॉस्ट' ह्या मालिकेचा अखेरचा भाग प्रक्षेपित झाला. त्या शेवटावरून प्रेक्षकांचे जे दोन तट पडले ते आजही मिटलेले नाहीत. एका पक्षाच्या मते, सहा वर्षे ज्या प्रश्नांवर प्रेक्षकांना झुलवत ठेवले त्यांची उत्तरे न देताच निर्मात्यांनी काढता पाय घेतला. दुसऱ्या पक्षाच्या मते, उत्तरांचा हिशेब मागणाऱ्या प्रेक्षकाला मालिका कशाविषयी होती हेच मुळी उमगले नव्हते. ह्या वादातून एक व्यापक मत पुढे आले असून ते हल्ली जवळजवळ सिद्धान्तासारखे उच्चारले जाते. ते असे, की वर्षानुवर्षे चालणाऱ्या रहस्यमालिकेला समाधानकारक शेवट असूच शकत नाही. उत्तर दिले तर रहस्य मरते, न दिले तर प्रेक्षक फसवला जातो. हे मत कितपत टिकते ते तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दूरचित्रवाणीवरील मालिकांचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी कशासाठी करावा, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. कथेचा शेवट कसा असावा ह्याचा विचार आपल्याकडे भरतापासून आणि पश्चिमेकडे ॲरिस्टॉटलपासून चालत आला आहे. गाठ चांगली मारणारे परंतु ती सोडवताना फसणारे नाटककार पुष्कळ असतात, अशी तक्रार ॲरिस्टॉटलनेच करून ठेवली आहे. म्हणजे रोग जुना आहे. नवीन आहे ती परिस्थिती. गाठ मारणे आणि सोडवणे ह्यांच्यामध्ये सहा-सहा वर्षांचे अंतर पडते, आणि ती सोडवण्याची वेळ आपल्यावर येणार आहे की नाही, हे गाठ मारणाऱ्यालाही माहीत नसते.

आरंभीच विषयाची मर्यादा आखून घेतली पाहिजे. १९९३ साली दूरदर्शनवर सुरू झालेली बासू चटर्जी ह्यांची 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका रहस्यमालिका खरी. परंतु तीत दर कथेचे रहस्य त्या कथेपुरते असते आणि तेथेच उलगडते. आपल्या बाबूराव अर्नाळकरांचा वाचकही असाच एका बैठकीत पुस्तक संपवून रहस्याच्या ऋणातून मोकळा होत असे. अशा रचनेत शेवटाचा प्रश्न बिकट होत नाही. तो बिकट होतो तो एकच रहस्य अनेक वर्षे आणि अनेक पर्वे ताणले जाते तेव्हा. येथे विचार करावयाचा आहे तो अशाच मालिकांचा.

क्रमशः लेखन ही काही दूरचित्रवाणीने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' 'करमणूक'मधून क्रमशःच आली. डिकन्सने तर मासिक भागांत कादंबऱ्या लिहिण्याचा प्रघातच पाडला, आणि त्याची अखेरची कादंबरी 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' ही रहस्यकथाच होती. बारा भागांचा संकल्प होता. ९ जून १८७० रोजी लेखक निवर्तला आणि सहाच भाग वाचकांच्या हाती आले. त्यानंतर अर्धशतक उलटत आले तरी लोकांचे कुतूहल शमले नव्हते. १९१४ साली लंडनमध्ये कादंबरीतील संशयिताविरुद्ध लुटुपुटीचा खटला भरवण्यात आला. चेस्टरटन न्यायाधीश झाला आणि बर्नार्ड शॉ पंचांचा प्रमुख. तथापि डिकन्सच्या बाबतीत एक गोष्ट निश्चित होती: भाग बाराच व्हावयाचे होते. अंतर ठाऊक असलेल्या वाटेवर तो चालला होता आणि वाटेत कोसळला. अमेरिकन वाहिनीवरील मालिकेला ही सोय नसते. दरवर्षी लोकप्रियता पाहून पुढील पर्वाला मंजुरी मिळते. लोक पाहात नसतील तर मालिका मध्येच तुटते आणि पाहात असतील तर ती संपवू दिली जात नाही. एडगर ॲलन पो ह्याने १८४६ साली असा आग्रह धरला होता, की लेखकाने लेखणी उचलण्यापूर्वी शेवट निश्चित केलेला असावा. शेवट डोळ्यांपुढे असेल तरच प्रत्येक घटनेला कार्यकारणाची धार येते. पोचा हा नियम पाळणे वर सांगितलेल्या व्यवस्थेत जवळजवळ अशक्य आहे.

येथे आपल्या नाट्यशास्त्रातील परिभाषा उपयोगी पडते, आणि ती केवळ अभिमानाखातर आणलेली नाही. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण ह्या पाच संधींपैकी गर्भसंधीचे लक्षण सांगताना 'दशरूपक'कार धनंजय बीजाला 'दृष्टनष्ट' असे विशेषण लावतो. बीज दिसते, दिसता दिसता नाहीसे होते, आणि त्याचा पुन्हा पुन्हा शोध घ्यावा लागतो. दीर्घ रहस्यमालिकेचे ह्याहून नेमके वर्णन प्रस्तुत लेखकाला कोठे आढळलेले नाही. अशी मालिका म्हणजे वर्षानुवर्षे लांबवलेला गर्भसंधीच होय. आणि निर्वहण म्हणजे काय? मुखादी संधींत इतस्ततः विखुरलेले, बीजाशी संबंध असलेले अर्थ एका प्रयोजनाशी आणून जोडणे. ह्या लक्षणातील 'बीजाशी संबंध असलेले' हा भाग महत्त्वाचा आहे. विखुरलेल्या प्रत्येक गोष्टीचा खुलासा व्हावा असे शास्त्रकार म्हणत नाहीत. बीजातून जे निघाले ते बीजाच्या अर्थाला येऊन मिळावे, एवढीच त्यांची अट आहे. शिवाय निर्वहणात अद्भुत रस असावा असे भरताने सांगून ठेवले आहे. उकल झाल्यावर विस्मय संपतो, असे समजणाऱ्यांनी ह्यावर विचार करावा. भरताला विस्मय अपेक्षित आहे तो उकलीतच.

तेव्हा मालिकेचा शेवट जोखताना 'किती प्रश्न सुटले' ही मोजणी कामाची नाही. बीज कोणते होते, म्हणजेच मालिकेने प्रेक्षकापुढे कोणत्या जातीचा प्रश्न ठेवला होता, आणि शेवटी दिलेले उत्तर त्याच जातीचे आहे काय, हे पाहिले पाहिजे. प्रश्न ज्ञानाचा विचारावयाचा आणि उत्तर भावनेचे द्यावयाचे, किंवा प्रश्न दुःखाचा आणि उत्तर गणिताचे, येथे बहुतेक शेवट बिघडतात असे मला वाटते. मालिकेची लांबी हा दोष स्वतः उत्पन्न करीत नाही; परंतु वाट लांबली की मूळ प्रश्न कोणत्या जातीचा होता ह्याचा विसर पडण्यास भरपूर वाव मिळतो.

ह्या दृष्टीने प्रथम 'ट्विन पीक्स'कडे पाहू, कारण 'उत्तर दिले की रहस्य मरते' ह्या मताचा तो मुख्य पुरावा मानला जातो. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट ह्यांची ही मालिका ८ एप्रिल १९९० रोजी एबीसीवर सुरू झाली. अमेरिकेच्या वायव्येकडील एका लाकूडतोडीच्या गावात लॉरा पामर ह्या शाळकरी मुलीचे प्रेत सापडते, आणि तिला कोणी मारले हा प्रश्न देशभर चर्चिला जातो. खुन्याचे नाव लवकर सांगावे ह्यासाठी वाहिनीचा दबाव होता. लिंचला ते सांगावयाचेच नव्हते. अखेर १० नोव्हेंबर १९९० च्या भागात प्रेक्षकांना उत्तर मिळाले. त्यानंतर मालिकेचा प्रेक्षक ओसरत गेला आणि १० जून १९९१ रोजी ती बंद झाली. ह्यावरून सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापली गेली, असा निष्कर्ष लिंचसकट अनेकांनी काढला आहे.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. खुनी लॉराचा बापच असतो, आणि बॉब नावाच्या एका दुष्ट शक्तीने त्याला झपाटलेले असते. हे उत्तर मालिकेने विचारलेल्या प्रश्नाच्या जातीचेच आहे. 'कोणी मारले' हा तेथे केवळ पोलिसी प्रश्न नव्हता. इतक्या सभ्य, चहा-कॉफीच्या, ओळखीपाळखीच्या गावात हे घडलेच कसे, आणि ते कोणाच्याच कसे लक्षात आले नाही, हा त्याचा आतला अर्थ होता. घरातच, बैठकीच्या खोलीत, आरशासमोर त्याचे उत्तर मिळावे ह्यात औचित्य आहे, आणि ज्याला भरत अद्भुत म्हणेल असा थरारही आहे. मरते ती मालिका, आणि तिचे कारण वेगळे आहे: बीजाचे फळ हाती आल्यावर, बापाच्या मृत्यूनंतरही, आणखी तेरा भाग व्हावयाचे होते. निर्वहणानंतर पुन्हा गर्भसंधी सुरू करण्याचा हा प्रयत्न होता. त्यासाठी लेखकांनी बुद्धिबळ खेळणारा नवा खलपुरुष आणला, परंतु त्याचा लॉराशी संबंध लागेना. उत्तरामुळे रहस्य मेले म्हणण्याऐवजी, कथा संपली पण कार्यक्रम संपला नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

ह्याच मालिकेच्या इतिहासातील एक गोष्ट पूर्वयोजनेचा अतिरेकी आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. बॉबची भूमिका करणारा फ्रँक सिल्वा हा मुळात सेटच्या सजावटीचे काम पाहणारा माणूस. चित्रीकरणाच्या वेळी त्याचे प्रतिबिंब चुकून एका आरशात दिसले आणि दिग्दर्शकाने ते ठेवून दिले. तसेच पहिल्या भागाची परदेशांसाठी म्हणून जी स्वतंत्र आवृत्ती तयार झाली, तिला करारानुसार बंदिस्त शेवट जोडावा लागला. ह्या सक्तीच्या शेवटासाठी चित्रित केलेली, पंचवीस वर्षांनंतरची लाल पडद्यांची खोलीच पुढे साऱ्या मालिकेचे हृदय ठरली. अपघाताने आलेले बीजही बीजच असते. ते कोणत्या जमिनीत रुजवले जाते ते पाहावयाचे.

आता 'लॉस्ट'. सिडनीहून लॉस एंजेलिसकडे निघालेले विमान एका अज्ञात बेटावर कोसळते आणि वाचलेल्या प्रवाशांच्या वाट्याला एकामागून एक चमत्कार येतात: उष्ण कटिबंधात पांढरे अस्वल, जंगलात फिरणारा काळा धूर, जमिनीत पुरलेले पोलादी झाकण, त्याखालच्या कोठडीत दर १०८ मिनिटांनी दाबावयाची कळ. ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे ह्या मालिकेचे जणू मंत्राक्षर आहेत. ते एका प्रवाशाला सोडतीत अफाट पैसा आणि मागोमाग दुर्दैव देतात, झाकणावर कोरलेले आढळतात, आणि त्यांची बेरीजही १०८ च भरते. येथे प्रेक्षकाला काय सांगितले गेले? नोंदी ठेव, बेरजा कर, नकाशा थांबवून वाच. शास्त्रज्ञांची जुनी वसाहत, त्यांच्या फिती, त्यांचे क्रमांकित तळ हे सारे त्याला तपासनीस बनवीत होते. तो तपासनीस झाला, ह्यात त्याचा दोष नाही.

त्याच वेळी मालिकेत दुसरेही एक सूत्र होते. बेटावरील प्रत्येक माणसाचा भूतकाळ दाखवला जात होता, आणि ही माणसे विमान पडण्यापूर्वीच कशी हरवलेली होती हे उलगडत होते. पांगळा लॉक बेटावर चालू लागतो तो भाग ज्याने पाहिला आहे त्याला हे सूत्र किती बळकट होते ते सांगावयास नको. विवेकवादी डॉक्टर जॅक आणि श्रद्धाळू लॉक ह्यांच्या झगड्यात ही दोन्ही सूत्रे काही काळ एकत्र गुंफली गेली. कळ दाबावयाची की नाही, हा प्रश्न एकाच वेळी ज्ञानाचा आणि श्रद्धेचा होता. मालिकेतील सर्वोत्कृष्ट भाग ह्या काळातले आहेत असे माझे मत आहे.

पुढे सूत्रे सुटत गेली, आणि त्याला आर्थिक व्यवस्था बव्हंशी जबाबदार होती. तिसऱ्या पर्वात जॅकच्या अंगावरील गोंदणाचा इतिहास सांगण्यासाठी एक संपूर्ण भाग खर्ची पडला. कथेला पुढे जाण्याची परवानगी नसली म्हणजे काय होते ह्याचा दाखला म्हणून पुढे निर्मात्यांनीच त्या भागाकडे बोट दाखवले. मे २००७ मध्ये वाहिनीने एक असाधारण निर्णय जाहीर केला: आणखी ४८ भाग, आणि २०१० मध्ये शेवट. अंतर कळताच चालीत फरक पडला. त्याच महिन्यातील पर्वान्ताच्या भागात, जे भूतकाळ वाटत होते ते भविष्य निघाले, आणि प्रेक्षक खरोखर चकित झाले. हा चकवा प्रामाणिक होता, कारण त्याच्या खुणा आधी डोळ्यांसमोर होत्या. मालिका लांब असूनही निर्वहणाच्या जातीचा अद्भुत रस तीत शक्य आहे, ह्याचा हा पुरावा होय.

तरीही अखेर जुळली नाही. सहाव्या पर्वात एक समांतर जग दाखवले जाते, जेथे विमान कोसळलेच नाही. हे जग म्हणजे विज्ञानाचा एखादा परिणाम असावा असे पर्वभर सुचवले जाते, कारण ते पर्व सुरू होते तेच एका स्फोटानंतर. शेवटच्या भागात जॅकचा मृत पिता त्याला सांगतो, की सर्वांनी मरणोत्तर एकमेकांना भेटण्यासाठी निर्माण केलेली ही जागा आहे. (ते सर्व पहिल्याच दिवशी मेले होते, हा समज निखालस चुकीचा आहे, बेटावर जे घडले ते घडले, असे पित्याच्या तोंडी स्पष्ट आले आहे. अखेरच्या नामावलीमागे वाहिनीने पडक्या विमानाची दृश्ये दाखवली, त्यामुळे तो समज बळावला.) आकड्यांचे काय झाले? गुहेच्या भिंतीवर, बेटाचा रक्षक होऊ शकतील अशा उमेदवारांच्या नावांपुढे ते आकडे लिहिलेले आढळतात. म्हणजे आकडे कोणाचे ते कळले. तेच आकडे का, हे मालिकेत कळत नाही. बेटाच्या गाभ्याशी काय आहे? एक प्रकाश, आणि त्यावर बसवलेला दगडी बूच. तपासनीस झालेल्या प्रेक्षकाला हे उत्तर म्हणजे पुरावा मागितला असता प्रसाद हातावर ठेवल्यासारखे वाटले.

परंतु दुसऱ्या सूत्राच्या दृष्टीने पाहिले तर हाच शेवट सुंदर आहे. मालिकेचे पहिले दृश्य म्हणजे वेळूच्या बनात उघडणारा जॅकचा डोळा; शेवटचे दृश्य म्हणजे त्याच बनात मिटणारा तोच डोळा, आणि शेजारी येऊन पडलेला कुत्रा. हरदासाची कथा मूळपदावर येते ती अशी. एकटा पडलेला माणूस एकटा मरत नाही, हे त्या दृश्यातून जितके कळते तितके पित्याच्या प्रवचनातून कळत नाही. ते प्रवचन गाळले असते तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटून गेले आहे. सारांश, 'लॉस्ट'मध्ये बीजे दोन होती आणि निर्वहण एकाचेच झाले. दोन्ही पक्षांचे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच तो वाद मिटत नाही.

मग पूर्ण योजना करून केलेली मालिका निर्दोष होते काय? जर्मनीतील 'डार्क' (२०१७ ते २०२०) ही बारान बो ओडार आणि यांच्या फ्रीझे ह्या जोडीची मालिका तीन पर्वांत, २६ भागांत बसवलेली आहे. काळाच्या ३३ वर्षांच्या आवर्तनात चार कुटुंबे अशी गुंततात, की एक स्त्री आपल्याच मुलीची मुलगी ठरते. प्रश्न पहिल्यापासून कार्यकारणाचा आहे: आरंभ कोठे? आणि उत्तरही कार्यकारणाचेच आहे: ज्या शोकापायी एका घड्याळजीने काळ फाडला तो अपघातच टाळावयाचा, म्हणजे गुंता नाहीसा होतो आणि त्यात जन्मलेली माणसेही. प्रश्न आणि उत्तर एकाच जातीचे असल्याने शेवट समाधान देतो. तिसऱ्या पर्वात वंशावळ जमवताना लेखकांची दमछाक जाणवते, आणि काही पात्रे केवळ रकाना भरण्यापुरती उरतात, हे कबूल केले पाहिजे. परंतु दीर्घ रहस्यमालिकेला शेवट नसतोच, हे मत ह्या एका उदाहरणानेही बाधित होते.

अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण दुसरेच आहे. 'लॉस्ट'च्या प्रमुख लेखकांपैकी डेमन लिंडेलॉफ ह्याने टॉम पेरोटा ह्याच्या २०११ मधील कादंबरीवरून, त्याच्याच सहकार्याने, एचबीओसाठी 'द लेफ्टओव्हर्स' ही मालिका केली (२०१४ ते २०१७, एकूण २८ भाग). एका १४ ऑक्टोबरला जगातील दोन टक्के माणसे एका क्षणात नाहीशी होतात. कोठे गेली, का गेली? मालिका त्या कारणाच्या शोधात उतरतच नाही. आकडे देत नाही, नकाशे देत नाही. ती पाहते मागे राहिलेल्यांकडे. नोरा नावाच्या बाईचा नवरा आणि दोन मुले न्याहारीच्या टेबलावरून गेली आहेत. तिची नोकरी अशी, की नातलग गमावल्याचा दावा करणाऱ्यांना ठरावीक प्रश्नावली विचारावयाची आणि दावा खरा की खोटा ते ठरवावयाचे.

शेवटच्या भागात म्हातारपणाकडे झुकलेली नोरा ऑस्ट्रेलियातील एका खेड्यात राहते आहे. तिचा जुना प्रियकर केव्हिन तिला शोधीत येतो. ती त्याला सांगते, की एका यंत्रातून ती पलीकडच्या जगात गेली होती. तेथे उलट आपल्याकडची अठ्ठ्याण्णव टक्के माणसे नाहीशी झालेली आहेत. तिने आपली मुले दुरून पाहिली, ती आनंदात होती, आणि ती परत फिरली. ह्यातले काहीही दाखवले जात नाही. दोन माणसे टेबलाशी बसली आहेत आणि एक बोलते आहे. त्यापूर्वी यंत्रात पाणी चढत असताना शेवटच्या क्षणी तिने तोंड उघडल्याचे आपण पाहिलेले असते. ती 'थांबवा' म्हणणार होती काय, हे कळत नाही. केव्हिन आपला विश्वास आहे असे म्हणतो. जिने आयुष्यभर इतरांचे दावे तपासले, तिचा दावा कोणी तपासत नाही.

आता येथे रहस्याचे उत्तर मिळाले की नाही? तपशिलात जाऊन पाहिले तर 'लॉस्ट'ने दिली त्याच्या दशांशही उत्तरे ह्या मालिकेने दिलेली नाहीत. पुरावा शून्य आहे. तरीही हा शेवट फसवणुकीचा वाटत नाही, कारण मालिकेने पुराव्याचे आश्वासन कधी दिलेच नव्हते. ज्याचा उलगडा होणार नाही अशा गोष्टीबरोबर माणसे कशी जगतात, हा तिचा प्रश्न. आणि एकाने सांगावे व दुसऱ्याने मानावे, हे त्या प्रश्नाच्याच जातीचे उत्तर. विखुरलेले अर्थ, अगदी त्या नोकरीतील प्रश्नावलीसकट, एका प्रयोजनाशी येऊन मिळतात. धनंजयाने घातलेली अट येथे पुरी होते.

आपल्याकडील एक उदाहरण जाता जाता नोंदवावेसे वाटते. झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' ह्या कोकणातील नाईक कुटुंबाच्या मालिकेचा पहिला भाग २०१६ साली आला, आणि त्याची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो काळात मागे जाऊन, अण्णा आणि शेवंता ह्यांची पूर्वकथा सांगणारा. म्हणजे अण्णांची अखेर प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती. असे असूनही लोक तो भाग आवडीने पाहात राहिले; अण्णा आणि शेवंता ही नावे घरोघरी झाली. पुढे काय होणार हे माहीत असताना कसे होणार ह्यात गुंतणे, ही आपल्या आख्यानपरंपरेला नवी नसलेली गोष्ट आहे. उत्तर कळताच कुतूहल आटते, हे मत मांडणाऱ्यांनी निदान हा प्रेक्षक पाहावयास हवा होता.

एक शंका मात्र माझ्या मनातून जात नाही. मी वर जे विवेचन केले त्यात मालिका ही एखाद्या लिखित संहितेसारखी स्थिर वस्तू मानली आहे. वास्तविक ती जिवंत नटांच्या शरीरांवर लिहिली जाते, आणि शरीर कोणासाठी थांबत नाही. 'लॉस्ट'मध्ये वॉल्ट नावाचा दहा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्याजवळ काही विलक्षण शक्ती आहे असे पहिल्या पर्वात ठसवले गेले. परंतु तीन पर्वांत बेटावर जेमतेम तीन महिने लोटले आणि नटाच्या आयुष्यात तीन वर्षे. मुलगा भराभर उंच झाला. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस त्याला बोटीत बसवून बेटावरून पाठवून दिले गेले, आणि मग तो क्वचितच दिसला. शेवटच्या त्या मरणोत्तर मेळाव्यात तो नाही. हा दोष योजनेचा म्हणावा की माध्यमाचा? आज जे विद्यार्थी ही मालिका सुट्टीच्या तीन आठवड्यांत सलग पाहून येतात त्यांना सहा वर्षांची प्रतीक्षा ठाऊक नाही, आणि आकड्यांविषयीचा रागही त्यांच्यात फारसा आढळत नाही. परंतु वॉल्टचे काय झाले, हे त्यांतले बहुतेक जण विचारतात.

निर्मात्यांनाही हे ऋण टोचत असावे. २०१० मध्येच मालिकेच्या डीव्हीडी संचासोबत त्यांनी सुमारे बारा मिनिटांची एक पुरवणी काढली. तीत शास्त्रज्ञांच्या जुन्या कोठारात एक जुनी फीत लावून पांढऱ्या अस्वलांविषयी वगैरे काही खुलासे घाईघाईने उरकले आहेत. मग दृश्य बदलते. मनोरुग्णालयाच्या खोलीत एकटा बसलेला, आता पुरता वाढलेला वॉल्ट दिसतो. त्याला गाडीत घेतात आणि बेटावर त्याच्यासाठी काम आहे असे सांगतात.